साम्य आलंय का?

"साम्य आलंय का?" हुपरीकर मास्तरांनी विचारलं.

मी त्यांच्या स्टुडिओत ईझलसमोर उभा होतो. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात तिळगूळ. समोरच्या कॅनव्हासवर हिरव्या इरकली साडीतली एक बाई लाकडी खुर्चीत बसली होती. साडी अशी उतरली होती की काठाला हात लावावा तर सूत बोटाला लागेल. मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, खांद्यावरून आलेला पदर, सगळं जिथल्या तिथं. आणि मानेच्या वर एक गुळगुळीत अंडं. अंड्यावर मधोमध एक उभी रेघ, एक आडवी रेघ. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. बाईच्या मागे रिकामा चौक, चौकात लांबलचक तिरकी सावली, भिंतीवर साडेचारची वेळ दाखवणारं घड्याळ आणि उंबऱ्यापाशी चपलांचा एक जोड.

"साम्याचं काय घेऊन बसलात मास्तर," मी म्हणालो. "हे साम्याच्या पार पलीकडे गेलंय."

"पलीकडं म्हणजे? आलंय का न्हाई?"

"त्याच्याही पुढे."

मास्तर माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. "नीट बघ एकदा," ते म्हणाले. "तू तिला रोज बघतोस."

मी नीट बघितल्यासारखं केलं आणि मान डोलावली. मग त्यांनी हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि चिंधीनं पुसत बसले.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवत होतो. बडोद्याहून एम. ए. करून परतताना मी दोन ट्रंका पुस्तकं आणली होती आणि त्याच्या दुप्पट शहाणपण. त्याआधी चार वर्षं मी याच स्टुडिओत हुपरीकर मास्तरांच्या हाताखाली चेहरे काढायला शिकलो होतो. माझा हात बरा होता, असं ते सांगत. पण बडोद्यानंतर मी ब्रश खाली ठेवला. रंगानं हात बरबटून घेण्यापेक्षा चित्रांबद्दल बोलण्यात जास्त मान आहे, हे माझ्या लवकर लक्षात आलं होतं.

मास्तर म्हणजे गावातला व्यक्तिचित्रांतला शेवटचा शब्द. निम्म्या कोल्हापूरच्या बैठकीच्या खोल्यांत त्यांनी काढलेलं कुणी ना कुणी भिंतीवर होतं. एका वकिलांची सून तर सासऱ्याच्या तसबिरीसमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यायची, इतका तो म्हातारा खरा उतरला होता. मास्तरांची कामाची रीत ठरलेली. बायकांचं चित्र असलं की साडी आधी पुतळ्याला नेसवायची. कापडाच्या दुकानातून मोडीत काढलेला असा एक पुतळा त्यांच्याकडे होता, अंड्यासारख्या डोक्याचा. चुण्या, काठ, पदर सगळं त्या पुतळ्यावरून रंगवायचं, म्हणजे बाईंना तासन् तास अवघडून बसावं लागत नाही. मग हातांसाठी आणि चेहऱ्यासाठी त्यांना थोडा वेळ बसवायचं. आणि चित्र झालं, की घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी बोलावून विचारायचं, साम्य आलंय का? भाऊ, जाऊ, शेजारीण, कुणीही. रंग ओला असेपर्यंतच विचारायचं. कुणी म्हणालं, ओठ जरा वेगळे वाटतात, की मास्तर एका शब्दानं वाद न घालता सुरीनं ओठ खरवडायचे आणि पुन्हा काढायचे.

दिवाळीपासून मात्र त्यांनी गिऱ्हाइकांची कामं घेणं बंद केलं होतं. सगळ्या गावाचे चेहरे काढून झाले, आता एकच चित्र राहिलंय, ते म्हणाले. काकूंचं. चाळीस वर्षांच्या संसारात अनसूयाकाकूंचं चित्र काढायला त्यांना सवड झाली नव्हती. म्हणून पुतळ्याला काकूंची हिरवी साडी नेसवली गेली आणि रंगवून झाल्यावर ती काकूंकडे परत गेली. पण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा कॅनव्हासवर पुतळाच. खुर्चीतला पुतळा, चौकातला पुतळा, पाठमोरा पुतळा, दोन पुतळे शेजारी शेजारी. नऊ चित्रं झाली आणि एकातही माणसाचा चेहरा नव्हता. आणि मला, मी कबूल करतो, आभाळ ठेंगणं झालं.

कारण अशी चित्रं मी पुस्तकात बघितली होती. इटलीत सत्तर वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी नेमकं हेच केलं होतं. रिकामे चौक, न जुळणाऱ्या सावल्या, थांबलेली घड्याळं, बिनचेहऱ्याचे पुतळे. स्वप्नात दिसावं तसं सगळं स्पष्ट आणि तरीही न कळणारं. वर्गात मी त्यावर तीन तास बोलायचो. आणि इथं माझ्याच गावात, ज्यांनी इटली नकाशातसुद्धा धड बघितली नव्हती असे माझे मास्तर, आपल्या आपण तिथं पोचले होते. हे जगाला सांगणारा मी पहिला असणार होतो. फेब्रुवारीत गावातल्याच एका सभागृहात या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं मी ठरवून टाकलं.

मी ते पुस्तक उचलून त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. ते त्यांनी मांडीवर घेतलं आणि एकेक पान सावकाश उलटलं. एका चित्रापाशी थांबले. त्यात अंड्याच्या डोक्याचे दोन पुतळे एकमेकांना टेकून उभे होते.

"ह्याला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"हे काढणाऱ्याला."

मी हसलो. "झालं काय नव्हतं मास्तर. त्यानं ठरवून तसं काढलंय. चेहरा काढून घेतला की माणसाचं गूढ उरतं."

"म्हंजे डोळ्याबिळ्याचं काय न्हाई?"

"छे हो."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसले. "मग बरं," ते म्हणाले. त्या वेळी त्यांचा चेहरा एकदम सैल पडला होता, आणि मला वाटलं, आपण केवढा आनंद दिला यांना.

संक्रांतीच्या त्या दिवशी चहाचा कप ठेवायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर काकू दारामागेच उभ्या होत्या. अंगावर तीच हिरवी साडी.

"दिगू, जरा बोलायचं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांना मिरजेला दाखवून आणावं का?"

"का? काय झालं?"

"परवा मंडईत माझ्यासंगं चालत होते आणि भलत्याच बाईच्या मागं निघून गेले. तिची साडी हिरवी होती. शेजारचे अण्णा दारात आले तर ह्यांनी त्यांना 'कोण पायजे' म्हणून विचारलं. आणि मला ही एकच साडी नेस म्हणतात. रात्री धुती, सकाळी नेसती. दुसरी नेसले की बावचळतात, माझ्याशी बोलतच न्हाईत. माझं चित्र काढतो म्हणाले होते. आता त्या पुतळ्याशीच बोलत बसतात. परवा त्याला म्हणत होते, तू बरा, तुला चेहराच न्हाई."

आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो. एखाद्या अडाण्यालाही यातून जे कळलं असतं ते मला कळलं नाही, कारण मी शिकलेला होतो. पुतळ्याशी बोलण्याचं तर मी मनातल्या मनात टिपूनही घेतलं. माहितीपत्रकात ते वाक्य फार शोभणार होतं.

"काकू, मोठा कलावंत कधी कधी अशा अवस्थेतून जातो," मी म्हणालो. "त्यांना सध्या बाहेरचं जग दिसत नाही, आतलं दिसतंय. डॉक्टर काय करतील? झोपेच्या गोळ्या देतील, आणि हे सगळं थांबेल. प्रदर्शन होईपर्यंत कळ काढा. दीडच महिना."

"तुला तसं वाटतं?"

"मी हेच शिकवतो, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. चौथी शिकलेल्या बाईनं प्राध्यापकावर विश्वास ठेवला. मी तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि घरी येऊन माहितीपत्रकाचा मजकूर लिहायला बसलो. साडीतल्या बाईच्या चित्राला मी नाव दिलं, 'अनामिका'. ते काकूंचं चित्र म्हणून सुरू झालं होतं हे मला ठाऊक होतं. पण काकू त्यातून कधीच बाहेर पडल्या आणि एक शाश्वत स्त्री तेवढी उरली, असं मी ठरवून टाकलं होतं. घड्याळ म्हणजे गोठलेला काळ. सावली म्हणजे अनुपस्थितांची उपस्थिती. उंबऱ्यातल्या चपलांना तर मी एक अख्खा परिच्छेद दिला. त्या प्रस्थानाचं प्रतीक होत्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी प्रदर्शन उघडलं. मुंबईहून सबनीसबाई आल्या होत्या. वर्तमानपत्रांत चित्रांवर लिहिणाऱ्या त्या काळातल्या बड्या समीक्षक. त्यांना आणण्यासाठी मी सात पत्रं लिहिली होती. आदल्या दिवशी मास्तरांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती.

"तिला हिरवीच नेसून यायला सांग. इसरू नकोस."

मी काकूंना उलटंच सांगितलं. चित्रातली साडी नेसून काकू चित्राशेजारी उभ्या राहिल्या तर ते नाटक वाटेल, आणि मुंबईच्या माणसांपुढे मला तसलं काही नको होतं. "काकू, एवढा मोठा दिवस, त्या विटक्या साडीत येऊ नका," असं म्हणून मी माझ्या बायकोची जांभळी पैठणी त्यांना नेऊन दिली.

सबनीसबाई मास्तरांना घेऊन चित्रापासून चित्राकडे जात होत्या. मी मागे. "हे घड्याळ म्हणजे काळच थांबवलाय तुम्ही," बाई म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "व्हय." "ही सावली, तिचा माणूस कुठेच नाही." "व्हय." बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, किती कमी बोलतात, आणि मी माझंच कौतुक झाल्यासारखा हसलो. 'अनामिका'वर तासाभरातच लाल टिकली लागली. मुंबईच्या एका संग्राहकानं ती घेतली होती.

एवढ्यात दारातून काकू आल्या. पैठणी, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा. लोकांतून वाट काढत त्या थेट मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता हसल्या. इतक्या माणसांत काय बोलावं हे त्यांना सुचलं नसावं.

मास्तरांनी हात जोडले.

"या, बाई, या," ते म्हणाले. "बसा. आमची मंडळी येईलच एवढ्यात. तिला भेटल्याबिगर जाऊ नका."

आजूबाजूचे हसले. म्हातारा या वयात बायकोची थट्टा करतोय, असं सगळ्यांना वाटलं. सबनीसबाईही हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरायला हात वर नेला, आणि माझी नजर त्या हातावर गेली. उजव्या हाताची करंगळी शेवटच्या पेराशी बाहेरच्या अंगाला वळलेली होती. त्यांच्या मागे भिंतीवर अंड्याच्या डोक्याची बाई बसली होती, आणि मांडीवरच्या तिच्या हाताची करंगळी तशीच, तितकीच वळलेली होती. ते चित्र शंभर वेळा बघून मी ती बघितली नव्हती.

"अहो," काकू म्हणाल्या, "मी हाय."

आवाज ऐकला आणि मास्तरांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्यांनी चाचपडत काकूंचं मनगट धरलं, बांगड्यांवरून बोटं फिरवली, आणि माझ्याकडे वळून लहान तोंड करून म्हणाले, "तुला सांगितलं होतं न्हवं, हिरवी नेसव म्हणून."

त्यांना घेऊन मी सभागृहामागच्या खोलीत गेलो, खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. काकू त्यांच्या पायाशी खालीच बसल्या.

"मास्तर, काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं. दिवाळीपासून पहिल्यांदाच विचारलं.

"डोळा दिसतो," ते म्हणाले. "नाक दिसतं, कुंकू दिसतं. एकेक समदं दिसतं. पण मिळून माणूस होत न्हाई. चाळीस वर्सं जे आपसूक होत होतं ते होईनासं झालंय. हिचा चेहरा रोज काढायचो आन् रोज खरवडायचो. शेवटी चेहऱ्याच्या बांधणीच्या त्या उभ्या-आडव्या दोन रेघा तेवढ्या ठेवल्या."

"आणि ते घड्याळ?"

"साडेचारला तू येतोस. साडेचारला जो आला तो दिगू, असं धरून चालायचं."

"सावली?"

"हिची. गुडघ्यापायी डावीकडं कलून चालती. खोलीत आधी सावली येती, मग ही. सावलीवरनं कळतं मला."

चपलांचं मी विचारलं नाही. पण माझी मान आपोआप खाली गेली. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता तेव्हा चांभारानं तो निळ्या दोऱ्यानं शिवून दिला होता. प्रस्थानाच्या प्रतीकाच्या डाव्या अंगठ्यालाही निळा दोरा होता. बाहेर माझं माहितीपत्रक लोकांच्या हातांत होतं, आणि कुणीतरी तोच परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवत होतं.

"सांगितलं का नाही मास्तर?"

"काय सांगू? चेहरे काढणाऱ्याला चेहरे दिसंनात म्हणून? जन्मभर दुसरं केलं काय मी? आन् मग तू ते पुस्तक दावलंस. म्हटलं, आपल्याआधी त्या माणसालाबी असंच झालं असंल. तू म्हणालास, झालं काय न्हाई, असंच काढायचं असतं. मला धीर आला बघ."

बुधवारी आम्ही त्यांना मिरजेला नेलं. दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकूंना आणि मला आत बोलावलं. डोक्यात मागच्या बाजूला गाठ होती. लहान असती तर काढायचा प्रयत्न करता आला असता. आता ती नको तिथे पसरली होती.

"हा त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीपासून," काकू म्हणाल्या.

"दिवाळीपासून? आणि आता आणताय? निदान संक्रांतीला तरी आणायचं. तुमच्या घरात कुणी शिकलेलं नाही का?"

मी तोंड उघडलं. बोलायचंच होतं मला. पण काकू माझ्याआधी बोलल्या.

"आमच्या ध्यानात आलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या वळलेल्या करंगळीकडे बघत राहिल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि भाकरी माझ्यापुढे केली. सकाळपासून काय खाल्लं नसशील, म्हणाल्या. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती भाकरी खाल्ली. नाही म्हणायचा धीरसुद्धा माझ्यात उरला नव्हता.

मास्तर चैत्रात गेले. काकू त्यानंतर सात वर्षं होत्या, आणि त्या सात वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. सबनीसबाईंचा लेख छापून आला, त्यात माझ्या माहितीपत्रकातली दोन वाक्यं होती. संग्राहकानं पुढे चित्र एका संग्रहालयाला दिलं. तिथं ते अजून 'अनामिका' म्हणूनच लागलेलं आहे. नाव बदलून 'सौ. अनसूया हुपरीकर' असं करावं, म्हणून मी चार वेळा लिहिलं. एकदा उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं, की चित्रातली स्त्री कुणी विशिष्ट व्यक्ती नाही, असं तज्ज्ञांचं मत आहे, आणि आधार म्हणून माझ्याच माहितीपत्रकाचा दाखला दिला होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. मिरजेतल्या चौथ्या दिवशी काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी कॉटजवळ स्टुलावर बसलो होतो. मास्तर छताकडे बघत पडले होते. घड्याळात साडेचार वाजले होते की नाही कोण जाणे, पण मी आहे हे त्यांना कळलं होतं.

"दिगू," ते म्हणाले. "आता खरं सांग. त्या चित्रात साम्य आलं होतं का? चेहऱ्याबिगर ती ओळखू येत होती का तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस तेच तर केलं होतं. पण त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून फिरत होते, डोळ्यावरून नाकाकडे, नाकावरून ओठाकडे, आणि त्यांना कुठंच काही सापडत नव्हतं.

"नाही मास्तर," मी म्हणालो. "मला नाही ओळखू आली."

ते रागावले नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरच्या माणसानं ओठ वेगळे आहेत म्हटल्यावर मान हलवायचे, तशीच त्यांनी मान हलवली.

"मग तवाच सांगायचंस की रं," ते म्हणाले. "रंग ओला होता. तिला समोर बसवून चेहरा तुझ्याकडनं काढून घेतला असता. तुला चेहरा शिकवला होता मी."